साक्षीची तारीख : हवाई हल्ल्यांची प्रत्यक्षदर्शी निवेदने आणि ऐतिहासिक कादंबरी

ऐतिहासिक कादंबरीतील कल्पित आणि सत्य यांच्या नात्याची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे. कादंबरीकार ज्या साधनांवर विसंबतो, त्यांच्या स्वरूपाची छाननी मात्र त्या मानाने कमी झाली. वास्तविक ही छाननी आपल्याला नवीन नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत वि. का. राजवाडे यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आक्षेप घेतले आणि समकालीन पत्रांना अग्रस्थान दिले. दुसऱ्या महायुद्धावर लिहू पाहणाऱ्या कादंबरीकारापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. येथे साक्षीदाराचे स्वतःचे शब्द उपलब्ध असतात. पण ते पत्र मानायचे की बखर? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार हवाई हल्ल्यांच्या निवेदनांच्या आधारे केला आहे.

या संदर्भात इंग्लंडमधील ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेचा दाखला महत्त्वाचा ठरतो. सामान्य माणसांच्या दैनंदिन जीवनाची नोंद ठेवण्यासाठी ही संस्था १९३७ मध्ये स्थापन झाली. १९३९ पासून तिच्या स्वयंसेवकांनी युद्धकालीन रोजनिश्या लिहून पाठवल्या. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर मोठ्या हवाई हल्ल्यांचे सत्र सुरू झाले आणि ते मे १९४१ पर्यंत चालले. त्या काळातील नोंदी आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात अभ्यासकांसाठी जतन केलेल्या आहेत. संस्थेचे एक संस्थापक टॉम हॅरिसन यांनी तीन दशकांहून अधिक काळानंतर आपल्या काही जुन्या निरीक्षकांना, पूर्वीचे लेखन न पाहता, त्याच अनुभवांविषयी पुन्हा लिहावयास सांगितले. दोन्ही निवेदने शेजारी ठेवली असता बहुतेक ठिकाणी त्यांचा परस्परांशी मेळ बसेना. स्मृतीने त्या दिवसांना उजाळा दिला होता आणि एक प्रकारचे पावित्र्यही बहाल केले होते. हॅरिसन यांचा हा ग्रंथ १९७६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला.

येथे कोणी खोटे बोलत होते असे नाही. मधल्या काळात युद्ध जिंकले गेले होते. चित्रपट, भाषणे आणि स्मृतिग्रंथ यांनी त्या अनुभवाला एक सार्वजनिक आकार दिला होता. १९४० मध्ये रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नव्हते. हे अज्ञान कादंबरीकाराच्या दृष्टीने अनमोल आहे, कारण त्याच्या पात्रांनाही ते ठाऊक नसते. उत्तरकालीन आठवणीत नेमके हेच अज्ञान नाहीसे झालेले असते.

तथापि समकालीन साक्षही निर्दोष नसते. साक्षीदाराने काय अनुभवले आणि त्याचा कोणता अर्थ लावला, या दोन गोष्टी वेगळ्या करून वाचाव्या लागतात. ३ मार्च १९४३ रोजी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन येथे धोक्याचा भोंगा झाल्यावर लोक अर्धवट बांधलेल्या भुयारी रेल्वेस्थानकात आश्रयासाठी शिरत होते. जवळच्या उद्यानातून नव्या विमानविरोधी अग्निबाणांचा अपरिचित कडकडाट झाला. लोकांना बॉम्ब पडत असल्यासारखे वाटले. अंधाऱ्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता. चौकशीचा अहवालही त्या वेळी गुप्त ठेवण्यात आला. अधिकृत माहिती अशी दडपली गेली की तिची जागा अफवा घेते आणि साक्षीत तीही मिसळते.

आपल्याकडील उदाहरण मुंबईच्या गोदीतील स्फोटाचे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गासड्यांबरोबर दारूगोळाही होता. दुपारी चारनंतर पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. जपानी विमानांनी हल्ला केला, असा अनेकांचा समज झाला. या समजाची नोंद असलेली आठवण हल्ल्याचा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. परंतु त्या वेळी शहराच्या मनात कोणती भीती दबा धरून बसली होती, याचा ती उत्तम पुरावा आहे. तिच्या आधारे कादंबरीकाराने आकाशात विमाने दाखवली तर तो चुकेल. पात्राला विमानांचा भास झाला असे लिहिले तर तो इतिहासाशी अधिक प्रामाणिक राहील.

साक्षीला मर्यादा घालणारी तिसरी गोष्ट म्हणजे साक्षीदाराची जागा. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ड्रेस्डेन शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा अमेरिकन लेखक कर्ट व्होनेगट तेथे युद्धकैदी होते. कत्तलखान्याच्या तळघरात ते वाचले आणि नंतर ढिगाऱ्यांतून प्रेते काढण्याचे काम त्यांना करावे लागले. त्यांच्या ‘स्लॉटरहाऊस-फाइव्ह’ (१९६९) या कादंबरीत मृतांचा आकडा मात्र १,३५,००० असा येतो. तो त्यांनी डेव्हिड अर्व्हिंग यांच्या पुस्तकातून घेतला होता. तळघरातील माणसाला शहरातील मृतांची मोजदाद करता येत नाही, हे उघड आहे. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये ही संख्या जास्तीत जास्त २५,००० असल्याचा निष्कर्ष काढला. खालून उडणाऱ्या विमानांनी पळणाऱ्या लोकांवर गोळीबार केला, असे अनेक साक्षीदार सांगत असत. त्यालाही आयोगाला पुष्टी मिळाली नाही. फुगवलेल्या आकड्यांचा वापर प्रथम नाझी प्रचारयंत्रणेने आणि पुढे त्यांच्या अनुयायांनी केला. म्हणून हा प्रश्न केवळ अचूकतेचा उरत नाही. वाचक आकडा विसरतो, पण कादंबरीने त्यावर उमटवलेली मान्यतेची मोहोर टिकून राहते. पंचवीस हजार मृत्यूंचे दुःख सांगण्यासाठी त्यांत भर घालण्याची गरज नसते.

मग उत्तरकालीन आठवण कादंबरीकाराने टाकून द्यावी काय? मासुजी इबुसे यांची हिरोशिमावरील ‘काळा पाऊस’ ही जपानी कादंबरी (१९६५-६६) याचे उत्तर देते. इबुसे स्वतः बॉम्ब पडला त्या दिवशी हिरोशिमा शहरात नव्हते. वाचलेल्या एका माणसाची रोजनिशी हा त्यांच्या लेखनाचा मुख्य आधार होता. कादंबरीचा नायक काही वर्षांनी, भाचीच्या लग्नातील अडथळा दूर व्हावा म्हणून, आपली ऑगस्ट १९४५ ची रोजनिशी पुन्हा उतरवून काढतो. म्हणजे घटना घडली तो काळ आणि ती लिहून काढण्याचा काळ असे दोन्ही वाचकाच्या नजरेसमोर राहतात. दोहोंमधील अंतर इबुसे लपवीत नाहीत. तेच कादंबरीची रचना बनते. शेवटी भाचीच आजारी पडते, तेव्हा त्या उतरवून काढण्यातील आशा किती व्यर्थ होती हे कळते.

या विवेचनावरून संशोधकाला एक साधी शिस्त घालून घेता येईल. प्रत्येक निवेदनापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात : घटना केव्हा घडली, निवेदन केव्हा लिहिले वा सांगितले गेले, साक्षीदार त्या क्षणी कोठे होता, आणि त्याला स्वतःला दिसले-ऐकू आले किती व इतरांकडून कळले किती. वृत्तपत्रांवर नियंत्रण असलेल्या काळात त्यांचे मौन हाही पुरावा समजावा. विद्यार्थ्यांनी युद्धविषयक कादंबरीचे परीक्षण करतानाही हीच विचारणा करावी. ‘वर्णन जिवंत वाटते’ एवढ्यावर थांबू नये. राजवाड्यांनी बखरीला पत्रापेक्षा खालचे स्थान दिले, ते इतिहासलेखनासाठी. कादंबरीला दोन्ही हवीत. बखरीला बखर म्हणून ओळखता आले पाहिजे, एवढीच अट आहे. आणि ज्यांना सांगण्यासाठी पुढचा दिवस लाभला नाही, त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य या अटीच्या पालनापासून सुरू होते.