करारातील ‘जर’

कायदा हा माझा विषय नव्हे. तथापि बडोद्यात दवाखान्यासाठी गाळा घेताना त्याच्याशी जो परिचय घडला, तो व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गाळा निवासी इमारतीच्या तळमजल्यावर होता. बानाखत, म्हणजे आपले साठेखत, करताना वकिलांनी आग्रहाने एक वाक्य घातले : ‘सहा महिन्यांत सोसायटीने दवाखान्यास लेखी संमती दिल्यास खरेदी पूर्ण करावी.’ विक्रेत्याचे तोंड वाकडे झाले. मलाही तो वकिली कीस वाटला; सोसायटीचे सचिव तर ओळखीचेच होते!

भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलमे ३१ ते ३६ अशाच करारांविषयी आहेत. करारावर सही झाली म्हणजे जबाबदारी त्याच क्षणी अंगावर येते, असे नाही. ती भविष्यातील अनिश्चित घटनेवर अवलंबून असेल, तर कलम ३२ नुसार घटना घडेपर्यंत अंमलबजावणी मागता येत नाही. घटना अशक्य झाली की करार रद्दबातल होतो. आगीचा विमा हे नित्याचे उदाहरण. मुदत घातलेली असल्यास, मुदतीत घटना न घडली तरी कलम ३५ नुसार परिणाम तोच.

आपल्या क्षेत्राजवळचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. १८९१ मध्ये कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली, की आमचे साधन रोज तीनदा, दोन आठवडे, सूचनेप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास १०० पौंड देऊ. श्रीमती कार्लिल यांनी ते इमानाने वापरले आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना तो झालाच! कंपनी म्हणाली, ही तर नुसती जाहिरातबाजी. अपील न्यायालयाने त्याच डिसेंबरात हे अमान्य केले : सांगितलेली शर्त पाळणे हीच स्वीकृती, आणि शर्त पुरी होताच देणे लागू झाले. सचोटी दाखविण्यासाठी १,००० पौंड बँकेत ठेवल्याचे जाहिरातीत छापले होते, तेच कंपनीच्या अंगाशी आले. ‘गुण आला तरच पैसे’ असा करार आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेही अनैतिक ठरविला आहे, हे जाता जाता.

माझ्या गाळ्यास सोसायटीच्या सभेने नकार दिला. सहा महिने सरले. विक्रेता बाना सोडावयास तयार नव्हता. परंतु करार रद्दबातल झाल्यावर त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो, असे कलम ६५ सांगते. वकिलांचे पत्र गेले आणि रक्कम आली. अर्थात संमतीसाठी मी वेळेवर अर्ज केला होता व त्याची पोच जपली होती. अर्जच केला नसता, तर माझ्याच कसुरीचा लाभ मला कोण घेऊ देता?

त्याच वर्षी माझ्या एका डॉक्टर मित्राने ‘संमतीचे मी पाहतो’ या विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर बानाखत केले. संमती त्यालाही मिळाली नाही. कागदावर मात्र ‘जर’ कोठेच नव्हता. त्यामुळे खरेदीची जबाबदारी उभीच राहिली. त्याने खरेदी सोडली आणि बाना बुडाला.