इंग्रजीतील काही लुप्त क्रियापदे

शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ हाती घेणारा विद्यार्थी ‘मीथिंक्स’ या शब्दापाशी हमखास अडतो. ‘मी विचार करतो’ असा अर्थ लावून तो पुढे जातो, आणि तेथेच फसतो. जुन्या इंग्रजीत ‘भासणे’ व ‘विचार करणे’ या अर्थांची दोन स्वतंत्र क्रियापदे होती. पुढे त्यांचे उच्चार एकरूप झाले आणि ‘भासणे’ हे पहिले क्रियापद लोपले. ‘मीथिंक्स’मध्ये उरले आहे ते हेच. त्यातील ‘मी’ कर्ता नव्हे. ती चतुर्थी आहे. म्हणून त्याचा खरा अर्थ ‘मला वाटते’. आजच्या इंग्रजास ही रचना चमत्कारिक वाटेल; आपल्याला मात्र ती अगदी घरची आहे.

याहून मौजेचे क्रियापद म्हणजे ‘विट्’, अर्थात जाणणे. १६११ च्या इंग्रजी बायबलात त्याची ‘वॉट’ व ‘विस्ट’ ही रूपे आढळतात. संस्कृत ‘विद्’ धातूचे हे भावंड. (भावंड म्हणावे, अपत्य नव्हे, दोहोंचे मूळ त्याहून प्राचीन अशा एका भाषेत आहे.) संस्कृत दकाराच्या जागी इंग्रजीत टकार येतो: दश आणि टेन, द्वौ आणि टू. संस्कृतात ‘वेद’ हे रूप घडणीने परोक्ष भूतकाळाचे, पण अर्थाने वर्तमानकाळाचे आहे. ‘मी जाणतो’ आणि ‘तो जाणतो’ या दोन्ही अर्थी ते चालते. जुन्या इंग्रजीतील ‘वात्’ या रूपाची गोष्ट हुबेहूब तीच! इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकच अपवाद जपावा, हा नात्याचा बळकट पुरावा मानला पाहिजे.

‘क्वोथ’ म्हणजे ‘म्हणाला’. ते गेले, पण मृत्युपत्राने देणे या अर्थाच्या ‘बिक्वीद’मध्ये त्याचा अंश राहिला. ‘वेंड’ने आपले भूतकाळी रूप ‘वेंट’ हे ‘गो’ला देऊन टाकले.

‘विट्’ची जागा ‘नो’ने घेतली. हा ‘नो’ संस्कृत ‘ज्ञा’चा, म्हणजे आपल्या ‘जाणणे’चाच आप्त. जुन्या इंग्रजीत ‘न’ व ‘वितन्’ जोडून ‘नितन्’, म्हणजे न जाणणे, असे क्रियापद होते. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांचे अभंग वाचणाऱ्यांना ‘नेणणे’ आठवेल. तेही ‘न’ आणि ‘जाणणे’ मिळूनच झाले. आज दोन्ही क्रियापदे प्रचारात नाहीत. तरी आपल्याकडे ‘नेणता’ आहे आणि इंग्रजीत ‘अन्‌विटिंग्ली’. ‘विली-निली’ या शब्दातही तोच ‘न’ दडला आहे: इच्छा असो वा नसो.