निवृत्त होणाऱ्या धाकट्या भावास

वर्धा



परवा फोनवर म्हणालास, "ताई, एकदा रिटायर झालो की नुसतं पडून राहणार. आयुष्यभर पळापळ केली." तुझी पळापळ मी पाहिली आहे, ती संपतेय याचा मलाही आनंद आहे. पण पडून राहण्याचा बेत मला मुळीच पसंत नाही, म्हणून हे पत्र.

अठ्ठावन्न हे काही म्हातारपण नव्हे. आपले विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये इथून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले, तेव्हा त्यांना पंचावन्न पूर्ण झाली होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली आणि पुढची तेरा वर्षं ते चालतच राहिले. हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्याच्या आधीची, १९३८ ची हकिगत जास्त मोलाची वाटते. तेव्हा त्यांची तब्येत पार खालावली होती. वजन अठ्ठ्याऐंशी पौंड, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. हवापालटासाठी ते जमनालालजी बजाजांच्या पवनारच्या बंगल्यात गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातली सगळी कामं आणि काळज्या सोडून दिल्या. तिथे कुदळ हाती घेतली, तीही पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. काही महिन्यांत अंग भरून आलं.

तू यातलं पाच मिनिटांचं लक्षात ठेव. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी सहा किलोमीटर चालशील, गुडघा धरून बसशील आणि महिनाभर बाहेर पडणार नाहीस.

वयाबरोबर स्नायू झिजत जातात आणि साठीनंतर ही झीज जोर धरते. उतारवयात आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलं तरी मांड्या उतरलेल्या दिसतात. गेलेली ताकद परत मिळवता येते, ऐंशीतही येते, पण स्नायूंना कामाला लावल्याशिवाय नाही. नुसत्या चालण्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते, कारण म्हातारपणी एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळांचं हिंडणं-फिरणं कायमचं आटोपतं.

सेवाग्रामला गांधीजींच्या बापू कुटीत जातोस तेव्हा बघ. लोक सारवलेल्या जमिनीवर बसतात आणि उठायची वेळ आली की खरी परीक्षा होते. कोणी आधी कुशीवर कलतो, कोणी गुडघ्यावर तळवा रोवतो, कोणी नातवाचा खांदा शोधतो. परवा तुझ्याहून तरुण दिसणारा एक गृहस्थ भिंतीला हात लावून दोन झटक्यांत उठला. शेजारची नऊवारीतली म्हातारी मात्र पदर सावरत सरळ उभी राहिली. शेतात वाकून निंदण-खुरपण केलेली बाई असणार. तू घरी खुर्चीवरून हात न टेकता उठून बघ. दहादा जमलं तर छान. नाही जमलं तर तिथूनच सुरुवात कर. दिवसातलं एक जेवण तरी जमिनीवर बसून घे. गुडघा फारच दुखत असेल तर हट्ट करू नकोस.

खाण्याचं फार सांगत नाही. वरण घट्ट असू दे, पाण्यासारखं नको. दही, उसळी, हरभरे पानात रोज हवेत. उतारवयात भूक कमी होते आणि माणूस चहा-पोह्यांवर दिवस काढतो; तिथेच ताकद जाते. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नकोस. एप्रिल-मेमध्ये उजाडता उजाडता बाहेर पड, ऊन तापायच्या आत घरी ये.

एक गोष्ट मी मनापासून सांगते. केवळ तब्येतीसाठी केलेला व्यायाम आठ-पंधरा दिवसांत सुटतो. मागे काम लागलेलं असलं की पाय आपोआप निघतात. विनोबा प्रकृती सुधारायला तेरा वर्षं चालले नाहीत, जमीन मागायला चालले. तुला हिशेब उत्तम येतो. वस्तीतल्या किती पोरांचं गणित कच्चं आहे! वाचनालय आहे, परसात जागा आहे, भाजी लाव. कुणीतरी तुझी वाट बघत असेल असं काहीतरी रोजचं धर.

पण आधी रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घे. छातीत दुखतं किंवा चढताना दम लागतो असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा रिपोर्ट सोबत आण, आणि वहिनीलाही तपासून घ्यायला सांग. तिचं कोणी विचारत नाही.

तुझी,
ताई