पाणी सोडणाऱ्याला तयार करायला गावाला किती खर्च येतो?

सातपाटी आणि शेजारच्या किनारी गावांच्या पाणी समित्यांसाठी रोकडा हिशेब

विहीर, मोटार, पाइप, टाकी या सगळ्याला सरकारी योजनेत पैसा मिळतो. ते सगळं रोज चालवणारा माणूस मात्र बहुतेक गावांत असाच कुणीतरी असतो: आधीच्या वॉलमनचा भाचा, नाहीतर ग्रामपंचायतीचा शिपाई. चावी कुठली किती फेरे फिरवायची हे तो बघून बघून शिकतो. मोटार जळेपर्यंत आणि लाइन फुटेपर्यंत त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, आणि मग एकाच दिवसात सगळ्या गावाचं अडतं. अशा माणसाला नीट शिकवायचं आणि त्याच्या पाठीशी जाणकार उभा करायचा तर गावाला वर्षाला किती पैसे लागतील, याचा हा हिशेब आहे. सुरुवातीलाच सांगतो, शिकवणं जवळजवळ फुकट आहे. पैसे लागतात ते शिकवून झाल्यानंतरच्या पाठबळाला, आणि नेमकी तीच ओळ अंदाजपत्रकात नसते.

आधी किनाऱ्याचं वेगळेपण. समुद्राला लागून असलेल्या गावांत उन्हाळा चढला की विहिरींचं पाणी मचूळ होतं, म्हणून गोडं पाणी आतल्या भागातून आणावं लागतं. पालघर तालुक्यात ते मुख्यतः सूर्या नदीचं. पालघर शहर आणि २६ गावांची प्रादेशिक योजना याच नदीवर आहे. त्याच सूर्येचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडेही जातं. त्या शहरांसाठीची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे. दांडग्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहायचं असेल तर आपल्या वाट्याचा थेंब कुठे जातो, हे गावाला सांगता आलं पाहिजे. प्रादेशिक योजनेत गावाच्या टाकीपर्यंतचं काम योजनेचं आणि टाकीपासून नळापर्यंतचं ग्रामपंचायतीचं असतं. गळती, कमी दाब, मोटार लावून पाणी खेचणारी घरं हे सारं दुसऱ्या टप्प्यात येतं, म्हणजे आपल्याच माणसाच्या हातात.

मासेमारीच्या गावात पाण्याची मागणीही एकसारखी नसते. बोटी समुद्रावर निघाल्या की पिण्याचं पाणी सोबत भरून नेतात, हंगामात बाहेरून आलेले खलाशी गावात राहतात, आणि मासळी धुवायलाही पाणी लागतंच. माणशी ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापात यातलं काहीच धरलेलं नाही. वॉलमनला हे ठाऊक असतं. कागदावर ते उतरवायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

शिकवायला काय पडतं

जलजीवन मिशनच्या निधीतला ५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा प्रशिक्षण आणि लोकसहभागासारख्या साहाय्यभूत कामांसाठी, तर २ टक्क्यांपर्यंतचा पाणी तपासणीसाठी ठेवलेला असतो. २०१९ साली सुरू झालेल्या या मिशनला २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. म्हणजे समिती सदस्यांच्या आणि पाणी सोडणाऱ्याच्या प्रशिक्षणाचं शुल्क गावाने खिशातून भरायचं कारण नाही. प्रत्येक गावात ५ महिलांना फील्ड टेस्ट किटवर पाणी तपासायला शिकवायचं, हेही याच मिशनमध्ये आहे. गवंडी, प्लंबर, वीजतंत्री, मोटार दुरुस्ती अशी कामं एकाच माणसाला यावीत म्हणून ‘नल जल मित्र’ हा कौशल्य कार्यक्रम आहे. त्यासाठी नावं ग्रामपंचायतीकडूनच जायची असतात. ती गेली का, हे ग्रामसेवकांना आजच विचारा. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालयात जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आहे. अर्ज तिथे द्यायचा, आणि त्याची पोच घ्यायची.

मोठ्या संस्था दोन: पुण्याची यशदा आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिकची ‘मित्रा’ ही प्रशिक्षण प्रबोधिनी. पहिलीकडे कारभार, हिशेब, समितीचे अधिकार. दुसरीकडे शुद्धीकरण, पंप, वितरण. माझं मत विचाराल तर सरपंचांना पुण्याला आणि पाणी सोडणाऱ्याला नाशिकला पाठवा. गावोगाव उलटंच होतं, किंवा दोन्हीकडे सरपंचच जातात. तरुण मुलगा हाताशी असेल तर आयटीआयचा रस्ता जास्त टिकाऊ. प्लंबर आणि पंप ऑपरेटर-मेकॅनिक हे एक वर्षाचे, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन वर्षांचे. पालघरच्या शासकीय आयटीआयमध्ये यंदा यातले कुठले चालू आहेत ते प्रवेशाच्या वेळी बघा.

मग खर्च कुठे होतो? माणूस चार दिवस नाशिकला गेला तर त्या चार दिवसांत पाणी कोण सोडणार? बदली माणसाची मजुरी, एसटीचं भाडं, जेवणखाण आणि रोजंदारीवर असलेल्याची बुडालेली मजुरी धरून दोन माणसांच्या वर्षाकाठच्या एकेका फेरीला १०,००० रुपये बाजूला काढावेत. हीच रक्कम नसल्यामुळे प्रशिक्षणाचं पत्र टेबलावर पडून राहतं.

गावातच वर्ग घ्यायचा असेल तर वेळ सांभाळा. मासळी विकणाऱ्या बायका पहाटेच घराबाहेर पडतात. सकाळी अकराची बैठक ठेवली की समितीतल्या निम्म्या महिला फक्त सहीपुरत्या उरतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत दुपारी वर्ग ठेवला तर घरातले पुरुषही सापडतात.

हजार घरांच्या गावाचं वर्ष

आता पूर्ण हिशेब मांडू. यातले दर उदाहरणासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी आपल्या बिलातले दर घाला. हजार घरं, घरटी साडेचार माणसं, माणशी ५५ लिटर. म्हणजे दिवसाला सुमारे अडीच लाख लिटर.

माणसांपासून सुरुवात करू. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं मूळ किमान वेतन ऑगस्ट २०२० च्या अधिसूचनेत लोकसंख्या आणि कौशल्यानुसार ११,६२५ ते १४,१२५ रुपये ठरलं, वर विशेष भत्ता. आपण सरसकट १४,००० धरू. दोन माणसांचे वर्षाचे ३,३६,००० रुपये. यातला काही भार शासन उचलतं, पण तो हिस्सा करवसुलीच्या टक्केवारीशी बांधलेला आहे. वसुली घसरली की पगाराचं ओझंही गावाच्या अंगावर येतं.

वीज. अडीच लाख लिटर पाणी ४० मीटर उचलायला, पंप आणि मोटार मिळून ५० टक्के कार्यक्षमता धरली तर रोज ५५ युनिट लागतात. वर्षाला साधारण २०,००० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर १,४०,०००. इथे बिलावरचा एक रकाना वाचा. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी महावितरणचा वेगळा दरगट आहे, लघुदाबात तो ‘एलटी ३’. जोडणी व्यापारी गटात लागली असेल तर गट बदलायचा अर्ज करा. त्याला एक कागद आणि दोन खेपा लागतात.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने दिवसाला सव्वा किलो, वर्षाला साडेचारशे किलो. किलोला ४० रुपये धरले तरी १८,०००. साऱ्या खर्चात स्वस्तातल्या बाबींपैकी ही एक, आणि हात आखडला जातो तोही इथेच! ताज्या पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतो. दमट हवेत उघड्या पोत्यात तो उडून जातो, आणि सातपाटीची हवा दमट नाही असं कोण म्हणेल? २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते, म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊन ‘स्वस्तात पडला’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन-तीन महिन्यांपुरती घ्या, झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ठेवा. वापरताना प्लास्टिकच्या बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरची निवळी टाकीत सोडायची. अर्ध्या तासाने ओटी चाचणी. नळाच्या पाण्याला पिवळी छटा आली पाहिजे, म्हणजे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला. ही चाचणी टाकीपाशी नव्हे, लाइनच्या शेवटच्या घरी करायची. ओटीचं द्रावण विषारी असतं, हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी पिऊ नका.

दुरुस्तीला १,२०,००० धरले. खाऱ्या हवेत स्टार्टर आणि पॅनेल आतल्या गावांपेक्षा लवकर गंजतात, त्यामुळे हा आकडा कमी करू नका. एक फेज जाऊनही मोटार चालू राहिली की वाइंडिंग जळतं. ते टाळणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर एका रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो. तो ‘ट्रिप होतो, कटकट आहे’ म्हणून तार जोडून बंद केलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. न शिकवल्याची किंमत मोजायची असेल तर ती तार बघावी.

तपासणीला १२,०००. जिल्ह्यात शासकीय प्रयोगशाळा आहेत आणि किट शासन देतं, पण नमुने पोचवायला, ओटीच्या बाटल्या आणायला आणि विरघळलेले क्षार मोजणारा एक खिशातला टीडीएस मीटर घ्यायला पैसे लागतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला टीडीएस ५०० पर्यंत आणि क्लोराइड २५० पर्यंत चांगलं मानतात. दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २,००० आणि १,००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. विहीर वापरणाऱ्या गावाने मार्चपासून दर आठवड्याला मीटर बुडवून आकडा वहीत लिहावा. समुद्र आत सरकतोय का, हे जिभेआधी त्या वहीला कळतं. बोईसर-तारापूरच्या बाजूच्या गावांनी एवढ्यावर थांबू नये. औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली होती आणि २०२२ मध्ये भरपाईचा आदेशही झाला. तिथल्या विहिरींची रासायनिक तपासणी, जड धातूंसह, वर्षातून एकदा लेखी मागून घ्यावी. टीसीएलने जंतू मरतात, रसायन जात नाही.

आता शेवटची बाब, प्रशिक्षण आणि पाठबळ: ६०,०००. त्यातले १०,००० वर सांगितलेले. उरलेले ५०,००० कसले ते पुढे येतंच.

बेरीज ६,८६,०००. घरटी वर्षाला ६८६, महिन्याला ५७ रुपये. हे शंभर टक्के वसुली झाली तर. ७० टक्केच घरं भरत असतील तर भरणाऱ्याच्या डोक्यावर वर्षाला ९८० येतात, म्हणजे महिन्याला ८२. पाणीपट्टी वाढवायचा ठराव आणण्याआधी नमुना ९ ची मागणी आणि नमुना १० च्या पावत्या शेजारी ठेवून बघा. बरेचदा दर पुरेसा असतो, पावत्याच कमी असतात.

प्रादेशिक योजनेतून पाणी घेणाऱ्या गावाचं वीजबिल कमी होतं, त्याऐवजी मोजून पाणी विकत घ्यावं लागतं. अडीच लाख लिटरच्या गावाला हजार लिटरमागे दर एका रुपयाने वाढला तर वर्षाला ९१,२५० रुपये पडतात. त्याहून बोचरा हिशेब गळतीचा. ३० टक्के पाणी वाटेत जात असेल तर नळाला अडीच लाख लिटर पोचवायला टाकीत रोज ३ लाख ५७ हजार लिटर घ्यावे लागतात. हजार लिटरला १० रुपये दर धरला तर नुसत्या गळतीचे वर्षाला ३ लाख ९१ हजार. दोन्ही माणसांच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त.

ते पन्नास हजार

गळती शोधणं, मीटर वाचणं, पॅनेलचा दोष ओळखणं ही कामं चार दिवसांच्या वर्गात कळतात, पण अंगवळणी पडत नाहीत. परत आल्यावर पहिली अडचण येते तेव्हा विचारायला कुणी लागतं. अमेरिकेत लहान गावांच्या पाणी योजनांसाठी ‘सर्किट रायडर’ असतात: गावोगाव फिरणारे तंत्रज्ञ, जे स्थानिक माणसाच्या शेजारी उभं राहून त्याच्याच हातून काम करवून घेतात. पुढे होंडुरास, एल साल्वाडोरसारख्या देशांनीही ही रीत उचलली.

आपल्याकडे सातपाटी, शिरगाव, धनसार, मुरबे, खारेकुरण, नांदगाव, माहीम, केळवे अशा आठ ग्रामपंचायतींनी मिळून असा एक माणूस ठेवला तर? महिना २५,००० मानधन, ५,००० पेट्रोल, वर्षाचे ३,६०,०००. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, दाबमापक, पाइप कापायची-जोडायची हत्यारं यांना ४०,०००. एकूण चार लाख, गावाच्या वाट्याला ५०,०००. हजार घरांच्या गावात घरटी महिन्याला चार रुपये आणि वर थोडी चिल्लर. गळती ३० वरून २५ टक्क्यांवर आली तरी वरच्याच दराने वर्षाला ८७ हजार वाचतात.

माणूस कुठून आणायचा? तारापूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले देखभाल फिटर आणि इलेक्ट्रिशियन या पट्ट्यात आहेतच. पाइपांच्या जाळ्याचा नकाशा आणि व्यास तपासायचे असतील तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जलतंत्र’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्याला संगणक येणारा एखादा डिप्लोमावाला पुरतो.

करारपत्रात मात्र काही गोष्टी ठासून लिहा. दर गावाला महिन्यातून ठरलेले तीन दिवस आणि मोटार बंद पडल्यास चोवीस तासांत हजेरी. दुरुस्ती त्याने स्वतः करायची नाही, गावच्या माणसाकडून करवून घ्यायची, नाहीतर सहा महिन्यांत तोच आठ गावांचा वॉलमन होऊन बसेल. सामान खरेदीत त्याचा हात नको: पंप सुचवणारा आणि पंप विकणारा एकच असला की दर दोन वर्षांनी पंप बदलावा लागतो. प्रत्येक भेटीची नोंद वहीत, खाली समितीतल्या एका महिलेची सही. आणि पैसे आठही गावांनी तिमाहीच्या सुरुवातीला भरायचे. एक गाव थकलं की दुसरंही हात आखडतं, हे सहकारी सोसायट्या चालवणाऱ्या सातपाटीला वेगळं सांगायला नको.

हा खर्च बसवायचा कुठे? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांसाठी. पण मानधनासारखा दरवर्षीचा खर्च अनुदानावर टाकू नका, तो पाणीपट्टीतूनच करा. हत्यारं आणि मीटर अनुदानातून घेता येतात का ते गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर दोन स्वतंत्र ओळी आणा: ‘पाणीपुरवठा कर्मचारी प्रशिक्षण, १०,०००’ आणि ‘सामायिक तंत्रज्ञ, ५०,०००’. ‘इतर खर्च’ या नावाखाली त्या घातल्या तर मंडप आणि लाउडस्पीकरचं भाडं त्यांच्या आधी निघून जाईल.