ओढ्यातला मासा घरी जगेल का?

पावसाळा ओसरून ओढ्याचे पाणी निवळले, की काठाशी बोटभर माशांचे थवे दिसू लागतात. तोंडापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असलेला रासबोरा, दोन काळ्या ठिपक्यांचा टिक्टो, डोक्यावर चकाकता ठिपका मिरवीत पृष्ठभागालगत फिरणारा पँचॅक्स, हे सारे आपल्याच पाण्यातले रहिवासी. त्यांतील रासबोरा आणि टिक्टो यांचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ सालीच केले होते.

मी सातवीत असताना असे दहाबारा मासे पंचाने धरून काचेच्या बरणीत ठेवले. पाणी काठोकाठ भरले, पाणवनस्पतींची जुडी सोडली, वर भाताची शितेही टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे सारे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. शाळेतून परतलो तेव्हा एकही जिवंत नव्हता. घरच्यांना वाटले, भुकेने मेले. खरे कारण मला पुढे पदार्थविज्ञान शिकताना उमगले. ते गुदमरले होते!

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो. हा साठा किती तुटपुंजा असतो पाहा. ३०° सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच पाण्यात मात्र फार तर ७.५ मिलिग्रॅम मावतो. २०° सेल्सिअसला तो ९.१ मिलिग्रॅमपर्यंत जातो. तापमान वाढले की रेणूंची गती वाढते व वायू पाण्यातून सहज निसटतो. उलट माशाची ऑक्सिजनची गरज उष्म्यात वाढते. म्हणून टाकी उन्हात ठेवू नये.

खर्च झालेला ऑक्सिजन हवेतून भरून येतो, पण तो पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातूनच. आता हिशेब करू. माझ्या बरणीच्या तोंडाचा व्यास ८ सें.मी., म्हणजे पृष्ठभाग सुमारे ५० चौ. सें.मी. आणि पाणी ५ लिटर. लिटरमागे अवघे १० चौ. सें.मी.! ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद टाकीत २५ सें.मी. उंच पाणी भरले, तर पाणी ४५ लिटर व पृष्ठभाग १८०० चौ. सें.मी. होतो. लिटरमागे ४० चौ. सें.मी., म्हणजे चौपट. त्यातच माझ्या पाणवनस्पती रात्री प्रकाशाअभावी ऑक्सिजन देत नव्हत्या, उलट घेत होत्या. आणि कुजणारी शितेही तेच करीत होती. म्हणून तर संकट पहाटे आले.

टाकी पसरट घ्यावी. सहाआठ लहान मासे पुरेत. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले, की त्यातील क्लोरीन उडून जातो. माशांच्या उत्सर्जनातून विषारी अमोनिया तयार होतो. वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला महिनाभर तरी लागतो. तोवर मासे थोडेच ठेवावेत. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, पण सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पँचॅक्स उडी मारतो, म्हणून वर जाळी हवी.

आणखी एक गोष्ट. मासे मोजकेच आणावेत, अभयारण्यातून मुळीच आणू नयेत. नको झालेले मासे ओढ्यात सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोग जातात. दुकानातला गप्पी तर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो ओढ्यात शिरला, तर तिथल्या माशांच्या अन्नात वाटेकरी होतो.

करून पाहा : एका माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती होते ते सकाळी व दुपारी मोजा. शेजारी पाण्याचे तापमान लिहा. आठ दिवसांच्या नोंदींचा आलेख काढा. रेषा कोणत्या दिशेने चढते, आणि का, याचे उत्तर आता तुम्हीच द्याल.