सह्यांपलीकडची गल्ली

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरून गव्हाणपाड्याकडे चालत गेलं की थोड्या थोड्या अंतरावर हिरव्या कापडात गुंडाळलेली एखादी इमारत दिसते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या तीन-चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या सोसायट्या एकामागून एक ‘डेव्हलपमेंटला’ जाताहेत. आमचीही गेली. जुनी पाडली, नवी उभी राहिली आणि आम्ही परत राहायलाही आलो. या सगळ्या काळात मी कमिटीवर होते. आता शेजारपाजारच्या सोसायट्यांतली मंडळी विचारायला येतात. कार्पेट किती वाढवून मागायचा? कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी, किती? भाडं किती महिन्यांचं आगाऊ घ्यायचं? मला माहीत आहे तेवढं मी सांगते. मग त्यांनी न विचारलेलंही थोडं सांगते, कारण ते विचारणारं माणूस सभेत बसलेलं नसतं.

१. सही नसलेल्यांची यादी आधी करा.

पुनर्विकासाचा सगळा कारभार सभासदांच्या सह्यांवर चालतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ)खाली सरकारने ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश काढले. सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी ५१ टक्के बाजूने हवेत, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण हवं आणि विकासक निवडताना निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी समोर हवा. हे नियम चांगले आहेत. त्यांच्यामुळे दोन-तीन जणांनी बंद खोलीत बिल्डर ठरवण्याची रीत बरीच मोडली.

पण आमच्या इमारतीत रोज वावरणारी माणसं मी एका कागदावर लिहून काढली, तेव्हा सभासदांपेक्षा बाकीच्यांचीच नावं जास्त झाली. दुसऱ्या मजल्यावरचं भाडेकरू कुटुंब, ज्यांची मुलगी याच घरात चालायला शिकली. जिन्याखालच्या खोलीत राहणारा वॉचमन आणि त्याची बायको. घराघरांत पोळ्या करणाऱ्या ताई. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला, गिरणीवाले काका, आणि शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या मावशी, ज्यांनी सबंध गल्लीच्या परकरांना नाड्या घातल्या. यातल्या कुणाचीही सही कुठल्याच कागदावर लागत नव्हती. मी ती यादी सभेत वाचून दाखवली. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटला. पण पुढच्या प्रत्येक ठरावाच्या वेळी ती फाइलमध्ये होती आणि कुणी ना कुणी ती उघडत होतं.

२. भाडेकरूला तारीख वेळेवर कळली पाहिजे.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला पुनर्विकासात काहीच मिळत नाही. भाडं नाही, शिफ्टिंगचे पैसे नाहीत, परत यायचा हक्क नाही. त्यातच एका परिसरातल्या चार-पाच इमारती एकाच वेळी रिकाम्या झाल्या, की त्यांचे सभासद बिल्डरच्या भाड्याचे धनादेश घेऊन त्याच शाळेच्या, त्याच स्टेशनच्या आसपास घर शोधतात. भाडी चढतात आणि स्वतःच्या पगारातून भाडं देणाऱ्याचा तिथे टिकाव लागत नाही. तो ठाण्याला, कळव्याला, डोंबिवलीला नाहीतर थेट बदलापूरला जातो. मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच सुटते. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीची दहावी जवळ आली होती. म्हणून आम्ही ठराव केला: इमारत रिकामी करायची तारीख फळ्यावर निदान सहा महिने आधी लागेल, आणि घरमालक भाडेकरूचं डिपॉझिट घर सोडायच्या दिवशीच परत करेल. यासाठी सोसायटीला एक रुपयाही लागला नाही.

३. शेअर सर्टिफिकेटवर घरातल्या बाईचं नाव घाला, आणि ते आजच.

सही नसलेली माणसं सभासदांच्या घरांतही निघाली. नवरा जाऊन काही वर्षं झालेल्या एक काकू सभेला नियमाने यायच्या, सगळ्यात नेमके प्रश्न त्याच विचारायच्या. मतदानाची वेळ आली तेव्हा कळलं, की शेअर सर्टिफिकेटवर एकट्या काकांचंच नाव. नॉमिनेशन भरलेलं नाही, दोन मुलं परदेशी, तिसऱ्याशी बोलणं नाही. ज्या घरात त्यांचा संसार झाला, त्या घराविषयी त्यांना मत देता येईना. वारसांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, हे सगळं होईपर्यंत त्या काकू पार थकून गेल्या.

मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, कुठेही जा, त्या पिढीची घरं पुरुषांच्या एकट्याच्या नावावर आहेत. बायकांनी दागिने मोडून हप्ते भरले असले तरीही. नॉमिनेशन फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. सहमालक म्हणून नाव घालायला थोडा अधिक कागद लागतो, पण नवरा-बायको दोघंही हयात असताना ते काम सोपं असतं. बिल्डरचा विषय निघायच्या आधी प्रत्येक सोसायटीने एक रविवार फक्त एवढ्यासाठी ठेवावा. माझं ऐकून एका सोसायटीने तो ठेवलाही.

४. जुन्याचं कौतुक चौथ्या मजल्यावर चढून करा.

पुनर्विकास नकोच, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे बंधनकारक आहे, आणि अहवालात ‘सी-१’ आलं तर इमारत धोकादायक ठरते, ती रिकामीच करावी लागते. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी भर सकाळी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांचा मुद्दा तेव्हा पुढे आला होता. रहिवाशांना धोका दिसला तरी खांबाला हात लावणाऱ्याला अडवण्याची ताकद एकेकट्या माणसात नसते. ती सोसायटीने दाखवायची असते.

आणि जिने. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे महिनोन्महिने खाली उतरत नसत. आज त्या लिफ्टने उतरून संध्याकाळी भाजी आणायला जातात, चार माणसांशी बोलतात. त्यांना पाहिलं की जुन्या इमारतीसाठी उसासे टाकायचं मला धाडस होत नाही.

५. इस्त्रीचं टेबल नकाशात दाखवायला लावा.

गल्लीचं सगळ्यात मोठं नुकसान तळमजल्यावर होतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. जुन्या इमारतींचा तळमजला रस्त्याला लागून होता: दुकानाची फळी, दोन पायऱ्या, त्यावर बसलेली माणसं. नव्या टॉवरला खाली पार्किंग लागतं, स्टॅक पार्किंग लागतं, पंपरूम, मीटररूम, आणि समोर काचेची लॉबी. दुकान ज्यांच्या मालकीचं, त्यांना नव्या इमारतीत दुकान मिळतं. पण त्याचं भाडं आता बँक, दातांचा दवाखाना किंवा कॉफीचं दुकान देऊ शकतं. दळणाच्या किलोमागे चार पैसे मिळवणाऱ्याला ते झेपत नाही. आमचे गिरणीवाले काका जागा सोडून गेले. आता थालीपिठाची भाजणी दळायला रिक्षा करून जावं लागतं, आणि एखाद्या तरुण घरात भाजणी भाजणंच बंद होतं.

रस्त्यावर बसणाऱ्यांना निदान २०१४ च्या फेरीवाला कायद्याने उभं राहायला थोडी जमीन दिली आहे. सोसायटीच्या आवारात, जिन्याच्या बाजूला, मालकाच्या शब्दावर बसलेल्या इस्त्रीवाल्याला कुठलाच कायदा ओळखत नाही. म्हणून आम्ही आर्किटेक्टला सांगितलं, की सोसायटीच्या कार्यालयाला लागून एक टेबल, एक दिवा, एक विजेचं बटण आणि वेगळा मीटर एवढी जागा दाखवा. आधी ‘बघू’, मग ‘एफएसआयमध्ये बसत नाही’, मग ‘सुरक्षेचा प्रश्न येईल’. शेवटी ती जागा निघाली, कारण निविदा काढायच्या आधीच आमच्या मागण्यांच्या यादीत ती लिहिलेली होती. नकाशे मंजूर झाल्यावर मागितली असती तर कुणी दाद दिली नसती. शिलाईवाल्या मावशींसाठी मात्र आम्हाला जागा काढता आली नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या आता नवघर रोडच्या बाजूला एका मैत्रिणीच्या ओट्यावर बसतात.

६. कागदाच्या बाबतीत भिडस्तपणा नको.

याविषयी बरंच लिहिलं-बोललं जातं, म्हणून थोडक्यात. प्रकल्प सल्लागार सोसायटीने नेमावा, बिल्डरने सुचवलेला घेऊ नये. ७९(अ)च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी सांगितली आहे. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून ती सोडून देऊ नका. महारेराचं संरक्षण मुख्यतः नवीन घरं विकत घेणाऱ्यांना आहे. जुन्या सभासदाची ढाल म्हणजे त्याचा स्वतःचा करार. तेव्हा पर्यायी घराचा करार प्रत्येकाच्या नावाने नोंदणीकृत झाल्याशिवाय कुलपाची किल्ली कुणी देऊ नये. अर्धवट उभ्या राहिलेल्या सांगाड्यांसमोरून आपण रोज जातो. त्यांतले सभासद आज भाड्याच्या घरात, बंद झालेल्या धनादेशांची वाट बघत बसले आहेत.

७. झाडावरची नोटीस वाचा.

झाड तोडायची परवानगी मागितली की महापालिका त्या झाडावर नोटीस लावते आणि हरकती मागवते. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये बदल झाले, तेव्हापासून पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. आमच्या कुंपणालगतचं बकुळीचं झाड नकाशात गाडी वळायच्या जागी येत होतं. आम्ही लेखी हरकत दिली, रॅम्प थोडा सरकला आणि बकुळ राहिली. हरकत घ्यायला सभासद असावं लागत नाही, तिथे राहणारा कुणीही घेऊ शकतो. या सगळ्या प्रकरणात भाडेकरूच्या सहीला किंमत असलेली ही मला सापडलेली एकमेव जागा. पलीकडच्या गल्लीतल्या नोटिशीवर पहिली हरकत आमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनीच दिली होती.

धुळीचंही तसंच. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली: उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. फोटो काढून वॉर्ड ऑफिसला तक्रार करायची. शेजारच्या इमारतीतल्या दम्याच्या माणसाला तुमच्या पुनर्विकासातून काही मिळणार नसतं, त्याला फक्त धूळ मिळते.

८. लिफ्ट सगळ्यांची.

नव्या इमारतीत गेट आलं, मोबाइलवर परवानगी मागणारी यंत्रणा आली आणि पहिल्याच महिन्यात सूचना आली, की कामवाल्या बायकांनी मागच्या लिफ्टने यावं. सूचना करणाऱ्यांत जुने सभासद होते, नवे रहिवासीही होते. ज्या ताई आजारपणात आमच्या घरी रात्री थांबल्या, त्यांनी सिमेंटच्या गोणीबरोबर वर यायचं? सभेत यावर मोठा वाद झाला. सामानासाठी मागची लिफ्ट आणि माणसांसाठी सगळ्या लिफ्ट, असा ठराव झाला. तो लिफ्टच्या बाजूला मोठ्या अक्षरात लावलेला आहे, आणि कुणी काढला तर मी पुन्हा लावते.

९. पलीकडून येणाऱ्यांबद्दल बोलताना आपली पाटी वाचा.

मुलुंड पूर्वेत प्रकल्पग्रस्तांसाठी मोठी वसाहत येणार म्हणून गेल्या काही वर्षांत आंदोलनं झाली. पाठोपाठ धारावीच्या पुनर्वसनासाठी मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गची मिठागरांची जमीन देण्याचा विषय आला. पाणी, गटारं, स्टेशनच्या पुलावरची चेंगराचेंगर यांविषयीचे आक्षेप खरे आहेत. मिठागरं पावसाचं पाणी साठवून धरतात, ती बुजवू नयेत हेही मला मनापासून पटतं, आणि त्यासाठी मी सही दिली आहे. पण आमच्याच गल्लीत चार मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले उभे राहिले, घरं कितीतरी पटींनी वाढली, पाइपलाइन तीच राहिली, तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही. एका सभेत ‘कसली माणसं आणून टाकतायत’ असं वाक्य ऐकलं आणि मी उठून उभी राहिले. रस्ता रुंद करायला ज्यांचं घर गेलं, त्यांना नव्या जागेविषयी कुणी विचारलेलं नसतं. पाण्याच्या दाबावर भांडा, मैदानाच्या आरक्षणावर भांडा, माणसांच्या जातकुळीवर नको.

१०. कार्पेटच्या आधी मेंटेनन्स विचारा.

जुन्या घरात महिन्याला काही शे रुपये मेंटेनन्स होता. आता लिफ्ट, पंप, सिक्युरिटी, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, क्लबहाउस यांचे मिळून काही हजार होतात, आणि मालमत्ता कर वेगळा. बेताच्या पेन्शनवर जगणाऱ्यांना हे झेपत नाही. आमच्याकडे चावी मिळाल्यावर वर्षभरात काही जुन्या घरांनी नवे फ्लॅट विकले. कुणी मुलाकडे गेलं, कुणी पुण्याला, कुणी गावी. पैसे चांगले आले, पण त्यातल्या दोघांना तरी जायचं नव्हतं. ज्यांची सही सगळ्यात आधी झाली होती, त्यांचं नावही आता इथल्या पाटीवर नाही.

यावर उपाय आहे. कॉर्पसचा एक भाग सोसायटीच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा आणि त्याच्या व्याजातून जुन्या सभासदांचा मेंटेनन्स काही वर्षं हलका करायचा. करारातच हे लिहून घ्यावं लागतं. क्लबहाउसचा खर्च वेगळा दाखवून वापरणाऱ्यांकडून घ्यायचा, हेही. बाजूच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा या महिन्याअखेरीस आहे. त्यांच्या सेक्रेटरींना मी चार ठराव लिहून दिले आहेत: भाडेकरूंना सहा महिन्यांची नोटीस, तळमजल्यावर इस्त्री आणि गिरणीची जागा, सगळ्यांना सगळ्या लिफ्ट, आणि कॉर्पसमधून मेंटेनन्सची तरतूद. ते म्हणाले, पहिले तीन अजेंड्यावर घेतो, चौथ्यासाठी सीएला विचारतो. मी त्या सीएंनाच फोन करणार आहे.