परीक्षकाची बोटे

बंगळुरूमधील मल्लेश्वरम ही १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर वसवलेली वस्ती. तिच्या रस्त्यांवर आज लॅब्रॅडॉर कुत्री सहज दिसतात. अशा भागातील श्वानप्रदर्शनात एखादा गुबगुबीत लॅब्रॅडॉर रिंगणात आला, की प्रेक्षक टाळ्या वाजवतात; परीक्षक मात्र त्याच्या बरगड्या चाचपतो.

लॅब्रॅडॉर हा रिट्रीव्हर, म्हणजे शिकाऱ्याने टिपलेला पक्षी पाण्यातूनही शोधून आणणारा कुत्रा. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. परीक्षक प्रत्येक कुत्रा जातीच्या लिखित प्रमाणाशी ताडून पाहतो, आणि ते प्रमाण या कामातूनच घडले आहे. बुडाशी जाड व टोकाला निमुळती शेपटी पोहताना सुकाणूसारखी उपयोगी पडते. वरच्या केसांखालचा दाट थर थंड पाण्यापासून अंगाचे रक्षण करतो. बंगळुरूच्या हवेत त्याला फारसे काम नाही, तरीही परीक्षक केस मागे सारून तो पाहतोच. पक्ष्याला इजा न करणारी जबड्याची हळुवार पकड मात्र रिंगणात तपासता येत नाही. ही या परीक्षणातील मोठीच उणीव होय.

वजनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत ‘पीओएमसी’ या जनुकातील दोष आढळला. अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ अधिक असते. वाढलेल्या वजनाचा भार सांध्यांवर पडतो. शिवाय पदक मिळालेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मागणी येते, आणि जनुकातील दोष त्या पिल्लांतही उतरू शकतो. भरदार छाती आणि साठलेली चरबी यांत डोळे फसतात. बोटे सहसा फसत नाहीत. बरगडी हाताला लागली नाही, तर टाळ्या कितीही वाजोत, परीक्षकाने त्या कुत्र्याला मागेच ठेवावे.